मुनगा की हेटी? आधी पाणी कुठं थांबतं ते पाहा

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं मुनगा (शेवगा) आणि हेटी (हदगा) या झाडांबद्दलचं पत्र असं आहे: ‘घरामागं साधारण २० बाय २५ फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी आणि खोल. न्हाणीचं पाणी त्याच बाजूला एका कोपऱ्यात उतरतं आणि झडीत तिथं दोन-तीन दिवस पाणी उभं राहतं. मागच्या जूनमध्ये त्या कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा करून मुनग्याचं रोप लावलं. चांगलं कमरेएवढं झालं आणि पोळ्याच्या आधीच पिवळं पडून वाळलं. सासूबाई म्हणतात, मुनगा घराजवळ लावूच नये, त्यापेक्षा हेटी लाव, तिचं काही करावं लागत नाही. घरी दोन बकऱ्या आणि पाच-सहा कोंबड्या आहेत. मुलाचं रक्त कमी निघालं म्हणून मुनग्याचा पाला घरचा असावा असं वाटतं. दोन्हींपैकी काय लावू?’

ताई, तुमच्या जागेत दोन्ही बसतात, फक्त जागा अदलाबदल करा. ज्या कोपऱ्यात मुनगा मेला तिथं हेटी लावा, आणि मुनगा आवारातल्या सगळ्यात उंच भागात न्या. एकच झाड लावायचं असेल तर पाला आणि शेंगा या दोन कारणांसाठी मुनगाच घ्या, पण त्या कोपऱ्यात नको.

तुमचं रोप कशानं गेलं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सगळं त्यावरून ठरवता येईल. मुनग्याचं कोवळं मूळ मुळ्यासारखं जाड, पांढरं आणि पाण्यानं भरलेलं असतं. त्या साठ्यावर तो आपला ४५ अंशांचा मे महिना काढतो. पण काळ्या मातीत पाणी भरलं की मातीतली हवा निघून जाते आणि ती लवकर परत येत नाही, कारण ही माती फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. हवा नसली की ते मांसल मूळ कुजायला लागतं. आधी खालची पानं पिवळी पडून गळतात, मग माती ओली असूनही शेंडा मान टाकतो. वाळलेलं रोप अजून जागेवर असेल तर जमिनीलगतची साल नखानं खरवडून पाहा. आत तपकिरी, लिबलिबीत आणि आंबूस वास असला तर पाण्यानंच गेलं. साल कोरडी आणि लाकूड पोखरलेलं दिसलं तर कारण किडीचं. तुम्ही सांगता त्या वेळेवरून आणि जागेवरून पहिलंच खरं वाटतं.

एक वेगळा पिवळेपणाही काळ्या मातीत दिसतो, त्याच्याशी गल्लत करू नका. शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या राहिल्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. त्यावर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. लोहाच्या कमतरतेनं झाड मरत नाही, फक्त रोडावतं.

आता खड्ड्याचं. बहुतेक ठिकाणी मुनग्यासाठी २ बाय २ बाय २ फुटांचा खड्डा सांगतात. मुरमाड, हलक्या जमिनीत तो बरोबर आहे. खोल काळ्या मातीत मात्र तोच खड्डा झाडाचा घात करतो. चारही बाजूंना चिकण माती आणि मध्ये शेणखत-रेतीची भुसभुशीत भर, म्हणजे जमिनीत पुरलेलं टाकंच झालं. आजूबाजूचं पाणी झिरपून तिथं येतं आणि बाहेर जायला वाट नसते. तुमच्या रोपाच्या बाबतीत कोपऱ्याचा उतार आणि खड्डा असे दोन्ही दोष एकत्र आले.

म्हणून काळ्या मातीत मुनग्यासाठी खड्डा करू नका, उंचवटा करा. जागा अशी निवडा की घरापासून १२ फूट अंतर राहील आणि दिवसभर ऊन मिळेल. तिथली माती फूटभर खोल नुसती कुदळून मोकळी करा, बाहेर काढू नका. त्यावर चार-पाच घमेले मुरूम, तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत आणि आजूबाजूची वरची माती असं मिसळून दीड फूट उंच आणि तळाशी पाच फूट रुंद असा ढीग रचा. त्यातच किलोभर निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. ढिगाचा माथा वाटीसारखा खोलगट ठेवू नका, पावसाळ्यात तिथंही पाणी थांबतं. उताराच्या बाजूला वीतभर खोल नाली काढून ती कोपऱ्याकडं सोडा. चुलीची राख टाकण्याची आपल्याकडं सवय आहे, ती इथं टाळा. काळी माती मुळात विम्लतेकडं (अल्कधर्मी गुणाकडं) झुकलेली असते आणि तिच्यात पालाशही सहसा भरपूर असतं. राखेनं लोहाची अडचण वाढते.

बकरीच्या लेंड्यांचं खत घरचंच आहे म्हणून तुमचा हात सैल सुटेल. ते जोरकस असतं. मुनग्याला नत्र जास्त झालं की झाड नुसतं माजतं, पाला लदलदून येतो आणि फूल धरत नाही. वर्षाला जूनमध्ये एकदा दोन घमेले कुजलेलं शेणखत किंवा एक घमेलं लेंडीखत, एवढं एका झाडाला पुरतं. ताज्या लेंड्या बुंध्याशी कधीच नकोत.

बी लावायचं की फांदी? गावात कुणाच्या तरी मुनग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी आणून रोवायची चाल आहे. तसं झाड लवकर धरतं आणि शेंगा मूळ झाडासारख्याच मिळतात. पण फांदीच्या झाडाला सोटमूळ नसतं, मुळं वरच्यावर पसरतात. मे-जूनच्या वावटळीत आडवी होणारी झाडं बहुतेक अशीच असतात. तुमच्या उंचवट्यावर तर ते आणखी सैल बसेल, म्हणून तुम्ही बी टोका. मृगाचा चांगला पाऊस झाला की उंचवट्याच्या माथ्यावर दोन बिया, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, इंचभर खोल. आठ ते बारा दिवसांत उगवतात. हातभर झाल्यावर जोमाचं एक ठेवून दुसरं कापा, उपटू नका, उपटताना शेजारचं मूळ हलतं. पिशवीतलं रोप आणलंच तर महिना-दीड महिन्याहून जुनं घेऊ नका, कारण सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरलेलं असतं आणि ते पुढं सरळ होत नाही.

जून चुकला तर थेट फेब्रुवारी धरा. थंडीत मुनगा बसून राहतो. फेब्रुवारीत टोकलेल्या रोपाला उन्हाळाभर चार-पाच दिवसांआड दहा-बारा लिटर पाणी द्यावं लागेल, पण झडी लागेपर्यंत त्याचं मूळ चार महिन्यांचं झालेलं असतं आणि तो पावसाळा त्याला सोपा जातो. पाण्याची सोय असेल तर खोल काळ्या जमिनीत मी फेब्रुवारीच पसंत करेन.

रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडा. हातातलं वाढतं झाड खुडायला जीव होत नाही आणि म्हणूनच गावोगाव मुनगे १५-२० फूट गेलेले दिसतात, शेंगा वर आणि आकडी घेऊन माणूस खाली. शेंडा खुडल्यावर बाजूनं फांद्या फुटतात. त्या दीड-दोन फुटांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा, चारही दिशांना पसरलेल्या चार ते सहा फांद्या ठेवा, बाकीच्या काढा. पुढं दरवर्षी उन्हाळ्यातल्या शेंगा संपल्या की, मेच्या अखेरीस, सगळं झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटून टाका. काप तिरपा असावा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही. कापलेल्या तोंडांना बोर्डोमलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी बादलीत मोरचूद बिघडतं.

हेटीवर मात्र अशी कुऱ्हाड चालवू नका. दोन झाडांमधला हा फरक सगळ्यात जास्त नडतो. मुनगा तीन फुटांवर तोडला तरी महिन्याभरात फुटतो. हेटी खोडापर्यंत तोडली की अनेकदा फुटतच नाही, आणि वारंवार तोडली तर नक्की मरते. तिला लहानपणी एकदाच, साडेतीन-चार फुटांवर शेंडा खुडून दोन-तीन फांद्या काढून घ्याव्यात. नंतर एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाला काढू नये.

लावायला हेटी खरंच सोपी आहे, सासूबाईंचं तेवढं म्हणणं बरोबर. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. फुगलेलं बी घ्या, वर तरंगणारं टाकून द्या. कोपऱ्यात खड्डा न करता, जमीन वीतभर कुदळून, अर्धा इंच खोल तीन-चार बिया टोका. आठवड्याभरात उगवतात. पहिल्या पावसाळ्यातच ती पुरुषभर उंच होते, पण खोड हिरवं आणि लवचीक असतं, म्हणून बाजूला तुराटी रोवून सुतळीनं सैल बांधा. पहिले दोन महिने बकऱ्यांपासून जपायचं. त्यासाठी तुराट्या-पऱ्हाट्यांचं गोल कुंपण पुरतं, फक्त ते रोपापासून दोन हात लांब करा. बकरीची मान किती पोचते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पाणी उभं राहिलं तरी हेटी का तगते? पाण्यात बुडालेल्या खोडाला जमिनीच्या वरच नवी मुळं फुटतात आणि त्यांवर तिचं काम चालतं. झडीत चार-पाच दिवस पाणी राहिलं तर बुंध्याशी पांढरट-गुलाबी मुळांचा झुपका दिसेल. त्याला रोग समजून खरवडू नका. धानाच्या भागात, भंडारा-गोंदियाकडं, बांध्यांच्या धुऱ्यावर (बांधावर) हे झाड चालतं ते त्यामुळंच. आणि ही तूर-हरभऱ्याच्या कुळातली आहे. तिच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. ऑगस्टमध्ये बुंध्यापासून हातभर अंतरावरची थोडी माती उकरून एक गाठ फोडून पाहा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा पांढरी असेल तर बंद. म्हणून हिला युरिया द्यायचा नाही. आयतं नत्र मिळालं की ती गाठी कमी धरते. तिच्या विरळ सावलीत चमकोरा (अळू) छान येतो.

न्हाणीच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथंच सगळ्यांची चूक होते. साबणाचं पाणी हेटी सोसते, तिला थोडी खारट-चोपण जमीनही चालते. पण कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं. ते रोज एकाच जागी पडत राहिलं तर काळी माती चोपण होते: ओली असताना साबणासारखी घसरते, वाळली की दगड, आणि पाणी खाली मुरतच नाही. तुमच्या कोपऱ्यात पाणी तीन-तीन दिवस राहतं त्यामागं थोडा हात याचाही असेल. उपाय अवघड नाही. न्हाणीचं पाणी थेट झाडाला न सोडता आधी तीन-चार फूट लांब, फूटभर खोल चरातून न्या, चरात विटांचे तुकडे आणि गिट्टी भरा, कडेला कर्दळ किंवा केळी लावा. कपड्यांचं पाणी शक्य असेल तर वेगळ्या बाजूला सोडा, आंघोळीचं आणि भांड्यांचं इकडं येऊ द्या. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, त्या कोपऱ्यात चार-पाच घमेले शेणखत आणि दोन-तीन किलो जिप्सम मातीत मिसळा. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारतं आणि पावसाचं पाणी त्याला खाली वाहून नेतं. पण पाणी निघायला नाली असेल तरच याचा उपयोग.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य किती? मुनग्यानं घराला काही होत नाही, पण घराजवळ तो नकोच असं म्हणायला तीन धड कारणं आहेत. त्याचं लाकूड अत्यंत ठिसूळ असतं, वरून जाड दिसणारी फांदीही पोराच्या वजनानं कडकन मोडते. पावसाळ्यात केसाळ अळ्यांचा थर बुंध्यावर बसतो, त्यांचे केस अंगाला लागले की खाज आणि पुरळ. आणि तिसरं म्हणजे वानरं. मुनग्याचा कोवळा पाला, फुलं, शेंगा, सगळंच त्यांच्या आवडीचं. झाड छपराला लागून असेल तर ती तिथून घरावर आणि घरावरून झाडावर उड्या मारतात आणि कवेलूंचा (कौलांचा) चुरा होतो. १२ फूट अंतर आणि तीन फुटांवरची छाटणी यांनी या तिन्ही गोष्टी बऱ्याच आटोक्यात येतात. सासूबाईंना असंच सांगून पाहा. हेटीही मात्र भिंतीला खेटून नको. तिची मुळं उथळ आणि लाकूड मऊ, जोराच्या वाऱ्यात ती सबंध कलंडते. घर आणि मुनगा दोन्हींपासून १० ते १२ फूट ठेवा, आणि चार-पाच वर्षांनी शेजारी नवं बी टोकून ठेवा. हे झाड दीर्घायुषी नाही.

अळ्यांचं आताच सांगून टाकतो. दिवसा त्या खोडावर एकत्र बसतात आणि रात्री वर जाऊन पाला खातात. म्हणून फवारणीपेक्षा दुपारी जुन्या झाडूनं त्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडणं जास्त कामाचं. हाताला कापड गुंडाळा, पूर्ण बाह्यांचं घाला. पानांवर विखुरलेल्या असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, एकूण १० लिटर करा, चमचाभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. शेंगांतून डिंक पाझरताना दिसला आणि टोकं वाळायला लागली तर आत शेंगमाशीच्या अळ्या आहेत. अशा शेंगा तोडून जाळा. झाडावर ठेवल्या तर अळ्या खाली पडून मातीत कोष करतात आणि पुढच्या बहराला पुन्हा हजर होतात. हेटीच्या खोडावर गाठीसारखी सूज आली तर आत भुंग्याची अळी असते. ती फांदी सुजेच्या वीतभर खालून कापून जाळा.

मुनग्याची फुलं गळतात ही तक्रार पुढच्या वर्षी तुमच्याकडून येईलच. कळ्या येण्याआधी पाणी कमी करायचं, फूल दिसल्यावर थोडं-थोडं पण नियमित द्यायचं. याच्या उलट, महिनाभर कोरडं ठेवून मग एकदम आळं भरलं की फुलांचा सडा पडतो. काळ्या मातीत किती द्यायचं ते बोटांनी ठरवा: चार बोटं खोल माती काढून मुठीत दाबा, गोळा होत असेल तर अजून दोन-तीन दिवस थांबा. ढगाळ हवेत आणि ४२-४३ अंशांच्या पुढं फूल गळतं, त्याला इलाज नाही. फुलापासून शेंग तोडणीला येईपर्यंत साधारण दोन महिने लागतात. शेंग करंगळीपेक्षा थोडी जाड, वाकवली तर लवते आणि आतल्या बिया बाहेरून उठून दिसत नाहीत, तेव्हा तोडा. त्यानंतर वरणात फक्त चोथा राहतो.

जनावरांचं. हेटीचा पाला बकऱ्या आवडीनं खातात, त्यात प्रथिनं भरपूर असतात. पण तो कुटारासोबत, एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच द्या. नुसता पाला पोटभर दिला की पोट फुगतं, हगवण लागते. कोंबड्यांना हेटीचा पाला आणि बिया दोन्ही बाधतात. कोपऱ्याला जाळी लावा आणि तोडलेला पाला अंगणात पसरून वाळवू नका. मुनग्याचा वाळलेला पाला मात्र कोंबड्यांच्या खाद्यात चिमूटभर मिसळायला हरकत नाही. बकऱ्यांना रोज टोपलंभर हिरवा पाला हवा असेल तर हेटीच्या मागं लागू नका, धुऱ्यावर शेवरीची ओळ लावा, ती पुन्हा पुन्हा तोडलेली सोसते. दोन्ही दिसायला सारखी असल्यामुळं कधी कधी शेवरीचं बी हेटीचं म्हणून खपवतात. शेवरीची फुलं लहान आणि पिवळी. हेटीचं फूल बोटभर लांब, कोयरीसारखं वाकलेलं, पांढरं किंवा गडद लाल. भाजीसाठी पांढरं घ्या, लाल जास्त कडवट लागतं.

हेटीची फुलं पावसाळा सरता सरता, कोजागरीच्या आसपास सुरू होतात. सकाळी, पूर्ण उमलण्याआधीची तोडायची. प्रत्येक फुलाच्या पोटात वाकडा दांडा असतो, केसरांचा. तो चिमटीत धरून ओढून काढा, कडूपणा बराचसा त्यातच असतो. देठाकडची हिरवी टोपीही काढा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळून, कांदा-लसणावर परतून वरून बेसन भुरभुरलं की झालं. बेसनात बुडवून भजे केले तर पोरंही खातात. पिकलेल्या बिया मात्र माणसांनीही खायच्या नाहीत.

मुनग्याचा पाला निवडायचा कंटाळा सगळ्यांना असतो. संध्याकाळी तोडलेल्या डहाळ्या जाड ओल्या फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवा. सकाळी फडकं झटकलं की पानं आपोआप दांड्या सोडतात, हातानं खुडावी लागत नाहीत. पाला काढताना एकाच फांदीचा सगळा ओरबाडू नका, शेंड्याकडचा वीतभर घ्या आणि फुलावर आलेली फांदी सोडा. मुळाची साल औषध म्हणून उगाळून देतात, ते करू नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. गरोदर बाईला तर मूळ आणि साल अजिबात नको.

आता मुलाच्या रक्ताचं. मुनग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं पूर्वद्रव्य (ज्यापासून शरीर ते जीवनसत्त्व बनवतं) चांगलं असतं, भाजी म्हणून तो उत्तमच. पण मोबाइलवर फिरणारे ‘दुधाच्या इतके पट, पालकाच्या तितके पट’ हे आकडे बरेचदा १०० ग्रॅम वाळलेल्या भुकटीची तुलना १०० ग्रॅम ताज्या पदार्थाशी करून काढलेले असतात. मूल भुकटी खाणार चमचाभर, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते बंद करू नका, पाला त्याच्या जोडीला द्या. आठवड्यातून तीनदा मूठभर पाला डाळीत शिजवून, ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा, त्यामुळं पाल्यातलं लोह जास्त उचललं जातं. जेवणाबरोबर चहा नको, तो उलट काम करतो. भुकटी करायची तर पाला सावलीत, पातळ पसरून, तीन-चार दिवस वाळवा. उन्हात ‘अ’ जीवनसत्त्व उडतं. चुरगळल्यावर करकर आवाज आला की दळून हवाबंद डब्यात भरा.

मुनग्याचं बी घ्यायचं तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमहून आलेली ‘पीकेएम-१’ ही जात परसबागेला सोयीची आहे. बियांपासून सहा महिन्यांत पहिल्या शेंगा येतात आणि शेंग दोन-सव्वादोन फुटांची असते. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ही चालेल. तुमच्या झाडाच्या शेंगांतलं बी पुढं लावलं तर झाडं अगदी तशीच निघतीलच असं नाही, कारण मुनग्यात परपरागीकरण होतं आणि गावातल्या इतर मुनग्यांचा संकर बसतो. पाकिटावरची तारीख पाहून घ्या, सहा महिन्यांहून जुनं बी असेल तर दोनऐवजी चार टोका. हेटीचं बी कुणाच्याही झाडाखाली फुकट मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा तपकिरी झाल्या की झाडावरूनच काढा, जमिनीवर पडलेल्या शेंगांतलं बी भुंग्यांनी पोखरलेलं असतं.